उसाच्या फडावर जन्मलेल्या बाळाची वर्दी (जन्माची खबर) कोणी द्यायची?

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : ऊसतोड मजुरांच्या तळावर जन्मलेल्या बाळांची जन्मनोंदणी आणि त्यांच्या आईवडिलांच्या नावांची नोंद.

माननीय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील प्राथमिक शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका आहे. दिवाळी सरली की आमच्या शिवारात बीडकडच्या आणि आमच्याच जिल्ह्यातील जत, आटपाडीकडच्या टोळ्या उतरतात, गावाबाहेर खोप्या उभ्या राहतात आणि गळीत हंगामाच्या चार-पाच महिन्यांत त्या खोप्यांमधून बाळे जन्माला येतात. ही बाळे सरकारदप्तरी कुठेच जन्मत नाहीत, हे मी नोकरीत असताना शाळाप्रवेशाच्या वेळी पाहत आले. आता कायदा बदलल्यामुळे त्याची झळ अधिक तीव्र झाली आहे, म्हणून हे पत्र.

2024 च्या जानेवारीत आमच्या गावाच्या हद्दीत जतकडील एका जोडप्याला मुलगी झाली. फडाकडे निघण्याच्या वेळी, पहाटे, आईला कळा सुरू झाल्या आणि रुग्णवाहिका येण्याआधीच टोळीतल्या एका वयस्क बाईने खोपीत बाळंतपण उरकले. वडिलांनी कामाचा खाडा केला तर तो उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, हिशेबात धरला जातो, त्यामुळे ते सोळाव्या दिवशी ग्रामपंचायतीत गेले. तेथे त्यांना सांगण्यात आले की, तुम्ही इथले रहिवासी नाही, गावी जाऊन नोंद करा. मार्चमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ते गावी परतले, तर तिथे उत्तर मिळाले की, जन्म ज्या हद्दीत झाला तिथेच नोंद होईल. दुसरे उत्तर कायद्याला धरून होते आणि पहिले चुकीचे होते. पण दोन्ही तोंडी होती, आणि या दोन तोंडी उत्तरांच्या मध्ये त्या मुलीचे पहिले वर्ष निघून गेले.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 नुसार जन्माची माहिती 21 दिवसांत द्यायची असते. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होते, वर्षाच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद होत नाही. 2025 मध्ये राज्यात विलंबित नोंदींची छाननी कडक झाली. खोट्या दाखल्यांना आळा बसावा याबद्दल माझे दुमत नाही, पण खोपीत झालेल्या बाळंतपणाचा केसपेपर या आईबापांनी आणायचा कुठून? शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी अशा सर्व ठिकाणी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरवला आहे. आमच्या पिढीच्या कित्येकांचे आयुष्य शाळेच्या दाखल्यावर निभावले. या मुलीचे निभावणार नाही. दाखला नाही म्हणून आधार नाही, आणि आधार नाही म्हणून शिधापत्रिकेवर नाव चढत नाही.

याच दुरुस्तीने एक चांगली तरतूदही आणली. निबंधकाच्या, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कृतीविरुद्ध किंवा आदेशाविरुद्ध 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते आणि त्याचा निकाल 90 दिवसांत द्यावा लागतो. परंतु ज्याला नुसते ‘इथे होत नाही’ असे सांगून दारातून परत पाठवले जाते, त्याच्या हाती लेखी काहीच नसते. मग त्याने अपील कशाच्या आधारावर करायचे? म्हणून माझी पहिली मागणी अशी की, वर्दी घेऊन आलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी पोच द्यावी आणि नोंद नाकारायची असेल तर कारण लिहून, सहीशिक्क्यानिशी द्यावे, असे आपल्या विभागाने सर्व निबंधकांना बंधनकारक करावे.

दुसरी मागणी मुळाशी जाणारी आहे. याच अधिनियमाच्या कलम 9 मध्ये मळ्यांसाठी खास तरतूद आहे. चहा, कॉफी, रबर, वेलदोडे अशा चार हेक्टर किंवा त्याहून मोठ्या मळ्यात जन्म झाला, तर त्याची माहिती निबंधकाकडे पोहोचवण्याची जबाबदारी मळ्याच्या व्यवस्थापकावर आहे. मळ्यातली मजूर बाई ओली बाळंतीण असताना कचेरीचे उंबरठे झिजवणार नाही, हे कायदा करणाऱ्यांनी 1969 मध्ये ओळखले होते. या यादीत आणखी पिके अधिसूचनेने घालण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. ऊस त्यात यावा. आमच्याकडचे फड तुकड्यातुकड्यांचे असल्याने चार हेक्टरांची अट आड येईल, हे मी जाणते. तसे असेल तर वेगळ्या आदेशाने कारखान्याच्या शेती विभागावर तीच जबाबदारी टाकावी. कोणती टोळी कोणत्या गावात कोणत्या तारखेपासून उतरली आहे, हे गटकार्यालयाच्या वहीत असतेच. उसाच्या प्रत्येक खेपेची चिठ्ठी फडावरून निघते, तशी बाळाच्या जन्माची वर्दीही निघू शकते.

आईवडिलांच्या नावांबद्दल अधिक काळजी घ्यावी लागेल. जतच्या पूर्वेकडील कन्नड बोलणाऱ्या गावांतील बायकांची नावे आमच्याकडे कानाला वाटतील तशी लिहिली जातात आणि लक्ष्मव्वाची लक्ष्मी होते. पुष्कळ जणींच्या आधारवर माहेरचे नाव असते आणि नोंद सासरच्या नावाने होते. पुढे मजुरीवर असताना वडील अपघातात गेले आणि भरपाईचा अर्ज करायची वेळ आली, तर हे मूल याच आईबापाचे, हे सांगणारा पहिला कागद हाच असतो. कलम 15 खाली दुरुस्ती करता येते, पण त्यासाठी पुन्हा जन्मस्थळाच्या निबंधकाकडे, म्हणजे शंभर-दीडशे किलोमीटर यावे लागते. नोंद करताना ती आईला वाचून दाखवली, तर हा सगळा फेरा वाचेल.

टोळीत नवऱ्याने टाकलेल्या आणि लग्न न झालेल्या मुलीही असतात. त्यांच्याकडे बापाच्या नावासाठी हट्ट धरला जातो आणि त्या भीतीने काही जणी नोंदीला जातच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितले आहे की, एकल वा अविवाहित मातेने जन्मदाखल्यासाठी अर्ज केला, तर तिच्याकडून केवळ प्रतिज्ञापत्र घेऊन दाखला द्यावा. 2023 च्या दुरुस्तीनेही अशा मातेला स्वतः माहिती देणारी म्हणून कायद्यात जागा दिली आहे. हे ग्रामपंचायतीच्या टेबलापर्यंत पोहोचलेले नाही. ते मराठीत छापून प्रत्येक नोंदणी केंद्राच्या भिंतीवर लागले पाहिजे.

आज सातारा-सांगलीतील घराघरांतून माणसे कुणबी नोंदींसाठी गाव नमुना 14 ची, म्हणजे जुन्या कोतवाल बुकांची, जीर्ण पाने उलटत आहेत. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी वर्दी घेतली, म्हणूनच ती नोंद आज सापडते.

मुकादमांचे करार आणि उचलीचे वाटप हंगामाच्या कितीतरी आधी होते. वर्दीची जबाबदारी त्या करारात यायची असेल, तर आपला आदेश त्याआधी निघायला हवा. आणि त्या मुलीच्या प्रकरणात लागणारे सर्व जबाब, बाळंतपण करणाऱ्या बाईच्या जबाबासह, मी गोळा करून ठेवले आहेत. आपल्या विभागाने सांगावे; मी ते घेऊन कोणत्याही कार्यालयात येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
ता. वाळवा, जि. सांगली