तोंड कुणीकडं करायचं, बाई?

अरे बाळा,

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं. करमाळ्याकडचा आहेस एवढं बोलण्यात आलं होतं. जेसीबीच्या काचेवर 'आईची कृपा' लिहिलेलं होतं, पण ते निम्म्या जेसीबींवर असतं. ठेकेदाराला तीनदा फोन केला, तर 'पोरगं दुसऱ्या साइटवर गेलं' एवढंच कळलं. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. ज्याला तू ओळखता येशील त्यानं तुला वाचून दाखवावं. आणि तुला 'तू' म्हणतेय त्याचा राग मानू नकोस. जन्म शाळेत गेला माझा, जीभ वळत नाही.

मुळशी खोऱ्यातल्या त्या गावात मी अकरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. देवराईच्या कडेला, बेहड्याखाली उभा असलेला तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, हा माझा दुसरा फळा. चौथीची पोरं तिथं न्यायची आणि दगड वाचायला लावायचा, खालून वर. सगळ्यात खाली लढाई, आडवा पडलेला वीर आणि त्याच्यामागं गाई. म्हणजे गावची गुरं कुणी वळवून नेली आणि हा सोडवायला गेला. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघाल्यात. आणखी वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती. नाव मात्र कुठंच नाही! आमच्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतंच. पोरं दरवर्षी गाई मोजायची आणि दरवर्षी भांडायची, पाच की सहा, कारण सहावीचं नुसतं शिंग उरलंय.

रस्ता रुंद होणार हे कळल्यावर मी अर्ज घेऊन हिंडले. एका कार्यालयात विचारलं, 'संरक्षित यादीत आहे का?' नाही म्हटल्यावर कागद परत हातात. दुसरीकडं पोच मिळाली, ती अजून पर्समध्ये आहे. पुण्याहून एक वारसाप्रेमी गाडी करून आले, जमिनीवर आडवं होऊन फोटो काढले, 'काकू, हे अनमोल आहे' म्हणाले आणि पुढं माझा फोन उचलला नाही. गावातल्या पुढाऱ्यांचं एकच पालुपद: रस्ता हवा की दगड? हेच लोक भाषणात मुळशी धरणाविरुद्धचा १९२१ चा सत्याग्रह काढतात, सेनापती बापटांचं नाव घेतात, धरणाखाली गेलेल्या जमिनींवर गळा काढतात. रस्ता मलाही हवा होता रे. बाळंतिणीला झोळीत घालून नेताना पाहिलंय मी. दगड फक्त दहा फूट मागं घ्यायचा होता.

त्या दिवशी मी धावतपळत पोचले. आदल्या रात्री वळीव झोडपून गेला होता, सगळीकडं चिखल. वाटेत काय काय बोलायचं ते घोकत आले होते. आणि बघते तर मशीन बंद, तू खाली उतरून उकिडवा बसलेला, अंगठ्यानं चिखल निपटत. मान वर न करता म्हणालास, 'गायच हाय न्हवं ही?'

मुकादम ओरडत होता, तू ऐकलं न ऐकल्यासारखं केलंस. केबिनमधून स्वतःची गोधडी आणलीस, लुगड्याच्या तुकड्यांची, आणि पट्ट्यानं कड उडू नये म्हणून दगडाला गुंडाळलीस. मग उचललास. नव्या खड्ड्यावर दगड अधांतरी लोंबत असताना केबिनमधून डोकं बाहेर काढून विचारलंस, 'तोंड कुणीकडं करायचं, बाई?'

एवढी दारं मी पुजली, पण या दगडाला तोंड आहे हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. खरं सांगू? मलाही पटकन उत्तर देता आलं नाही. अकरा वर्षं समोर उभी राहून शिकवलं आणि दिशा आठवेना. शेवटी शेण भरायला निघालेल्या एका म्हातारीनं पाटी खाली ठेवली आणि सांगितलं, 'पाठ राईकडं, तोंड गावाकडं. गावासाठी मेला ना तो.' मग तू तो धोंडा बोट-बोट फिरवलास. तीनदा खाली उतरून लांब जाऊन पाहिलंस, सरळ आहे का. चहाचे म्हणून पैसे पुढं केले तर हात मागं घेतलेस.

'माणुसकी' हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेन, वाक्यात उपयोग करा म्हणून. मुलं लिहायची, 'माणुसकी असावी.' मीही बरोबरची खूण करायची. काय तपासत होते कोण जाणे.

बेहडा गेला. त्याच्यावर शेकराचं घरटं होतं, ते कुठं गेलं कळलं नाही. गारंबीचा वेल राईत आत आहे, म्हणून वाचला. तिच्या हातभर लांब शेंगा पोरं अजून तलवारी म्हणून खेळतात. परवा गेले तेव्हा वीरगळापुढं कुणीतरी जास्वंद ठेवली होती. दोन पोरं गाई मोजत होती. पाचच निघाल्या.

तुझी गोधडी तू चिखलात तशीच टाकून गेलास, ती मी घरी आणली. दोन पाण्यांनी धुतली, एका कोपऱ्यात उसवली होती तिथं टाके घातले. आता थंडी पडेल. कोथरूडला कधी काम लागलं तर येऊन घेऊन जा.

तुझी,
बाई