‘सैराट’चा शेवट कुणी ऐकला का?

संपादक,
स. न.

रविवार पुरवणीतला मराठी चित्रपटांच्या यशावरचा लेख वाचला. ‘सैराट’चा उल्लेख त्यात आला तो १०० कोटींपुरता. मी बार्शीत पेटी शिकवते, कीर्तनाला साथ करते. या चित्रपटातलं मला जे सगळ्यात मोठं वाटतं ते गल्ल्यात मोजता येत नाही, म्हणून हे पत्र.

२०१६ साली ही गाणी गावोगाव वाजली. अजय-अतुल यांनी त्यांसाठी थेट लॉस एंजेलिसला सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. एवढं सगळं हाताशी असताना नागराज मंजुळे यांनी शेवटाला आवाजच काढून घेतला. शेजारीण लहानग्याला घरी आणून सोडते. आत आई-बाप रक्तात पडलेले. पोर रडतंय, पण रडणं ऐकू येत नाही. ते बाहेर निघतं तशी चिमुकली तांबडी पावलं उमटत जातात. ‘झिंगाट’ला पडद्यापुढे नाचलेली आमच्याकडची पोरं दिवे लागले तरी जागची हलली नव्हती. तिथे व्हायोलिनची एक लकेर जरी आली असती, तरी आपण चार आसवं गाळून मोकळे झालो असतो. गायक थांबला की ती मोकळी जागा पेटीच्या सुरांनी भरायला बोटं शिवशिवतात. नेमका तिथेच हात आवरायचा असतो, हे साथीला बसणाऱ्याला विचारा.

एका विद्यार्थिनीने गायक-गीतकार प्रतीक कुहाडचं ‘कसूर’ ऐकवलं, त्यातही हाच संयम सापडला. २०२० च्या लॉकडाऊनमधलं, मुळात चित्रपटासाठी न केलेलं गाणं. व्हिडिओत ना कथा, ना नाच. माणसं प्रेमाच्या आठवणी मनात आणतात आणि कॅमेरा त्यांचे चेहरे पाहत राहतो. हसू उमटतं, मावळतं. ठुमरीतला विरह त्या मुलीला समजावून मी थकले होते. हे गाणं ऐकून आम्ही त्याच ठुमरीकडे वळलो, तेव्हा तिने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची घाई केली नाही.

आपल्याकडे शास्त्रीय मैफलींचे वृत्तान्त बारकाईने येतात, गंधाराचा सूर कसा लागला हेसुद्धा. तोच कान लोकप्रिय चित्रपटांना आणि स्वतंत्रपणे गाणाऱ्या या मुलांना लावा. कमाईचे आकडे जरूर छापा. सोबत पार्श्वसंगीत कुठे आलं, कुठे थांबलं आणि का, यावर जाणकारांकडून लिहून घ्या. महिन्यातून दोन रकाने दिलेत तरी चालतील.

– एक पेटीशिक्षिका, बार्शी