व्हिक्टोरिया राणीची ‘ती’ गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बालपुरवणीतला लुईस कॅरॉलवरचा लेख वाचला. त्याचे ‘ॲलिस इन वंडरलँड’ वाचून खूश झालेल्या व्हिक्टोरिया राणीने त्याचे पुढचे पुस्तक मागवले आणि तिच्या हाती निश्चयकांवरचा (चौकोनात मांडलेल्या संख्यांवरून ठरावीक रीतीने काढायची एक संख्या म्हणजे निश्चयक) गणिताचा ग्रंथ पडला, ही गोष्ट त्यातही आहेच. गोष्ट झकास, पण घडलेली नाही. कॅरॉलच्या हयातीतच ती वर्तमानपत्रांतून फिरत होती. शेवटी वैतागून १८९६ साली आपल्या ‘सिम्बॉलिक लॉजिक’च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने ती साफ खोटी असल्याचे छापले. तरी आपण ती छापतोच आहोत!

ती टिकते, कारण हाती गणिताचे पुस्तक पडणे हाच मुळी आपल्याला विनोद वाटतो. दहावीला गणित शिकवण्यात हयात गेल्यामुळे मला तो जरा झोंबतो. त्या ग्रंथात (१८६७) खरी मजा आहे. चार्ल्स डॉजसन (हे त्याचे खरे नाव) ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये गणिताचा अध्यापक होता. मोठा निश्चयक सोडवायची त्याची युक्ती १८६६ साली रॉयल सोसायटीने छापली होती. शेजारशेजारच्या चार-चार संख्यांचे छोटे निश्चयक (तिरकस गुणाकारांची वजाबाकी) काढत जायचे. दुसऱ्या फेरीपासून प्रत्येक उत्तराला, ज्या मांडणीवरून ते काढले तिच्याही आधीच्या मांडणीतल्या त्या जागेच्या आतल्या संख्येने भागायचे. मांडणी आकसत जाते आणि शेवटी एकच संख्या उरते, तेच उत्तर. निश्चयकांनी समीकरणे सोडवायची क्रेमरची पद्धत शिकलेल्या दहावीच्या मुलाला एवढे सहज जमेल. आत कुठे शून्य आले तर भागाकार अडतो. मग ओळी चक्राकार फिरवून घ्यायच्या, हेही त्यानेच सांगून ठेवले आहे.

कॉलेजातल्या निवडींवरून त्याला मतदानाच्या गणिताचाही नाद लागला. १८८३ साली तर त्याने लॉन टेनिसच्या स्पर्धाच धारेवर धरल्या. हरला की बाहेर, या पद्धतीत दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू पहिल्याच फेरीत अव्वल खेळाडूसमोर आला तर घरी जातो आणि दुसरे बक्षीस भलताच कोणी नेतो, हे त्याने हिशेबाने दाखवून दिले.

पुरवणीतल्या कोड्यांच्या कोपऱ्यात एखाद्या रविवारी चार ओळी, चार स्तंभांचा निश्चयक आणि ही युक्ती द्यावी, अशी विनंती. कुठल्याही फेरीच्या मांडणीत आतल्या जागी शून्य येणार नाही, एवढे मात्र पाहावे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा