पक्षाघातासारखे दिसणारे आजार

संपादक महोदय,

तोंड वाकडे झाले, हातातली ताकद गेली की पक्षाघाताची शंका येते आणि ती यावीच. पण रक्तातील साखर उतरली तरी हुबेहूब असेच दिसते, हे अनेक घरांत माहीत नसते. इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेतली, जेवण राहिले आणि साखर ५० च्या खाली गेली, तर जीभ अडखळते, क्वचित एक बाजूही लुळी पडते. आधी रुग्णवाहिका बोलवावी, मग ग्लुकोमीटर (साखर मोजायचे घरगुती यंत्र) लावावा. गिळता येत नसेल तर साखरपाणी तोंडात ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

फिट येऊन गेल्यावरही हात-पाय काही तास लुळे राहू शकतात. अर्धशिशीतल्या मुंग्या हळूहळू पसरतात, पक्षाघात बहुधा एकदम येतो. चेहऱ्याची नस सुजली तरी तोंड वाकडे होते; मात्र तेव्हा त्या बाजूच्या कपाळावर आठी पडत नाही, डोळाही मिटत नाही, पक्षाघातात बहुधा कपाळ हलते.

हे निदान घरी मात्र करत बसू नये. पक्षाघातात मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येते, तेही सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव नाही हे पाहूनच. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ आणि चालू औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगावे.