मनू, कटर हाताशी ठेव

विनिपेग, गुरुवार रात्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

उद्या तुम्ही तिघी मासे धरायला ऑन्टारिओतल्या केनोराला निघाल तेव्हा मी हॉस्पिटलात असेन. आईची पट्टी सकाळीच बदलतात आणि ती ते काम सुधाकाकूवर सोपवायला तयार नाही. म्हणून हे लिहून गळ-दोऱ्यांच्या टॅकल बॉक्सच्या वरच्या कप्प्यात ठेवतोय. काल जेवताना म्हणालीस, "बाबा, मला सगळं येतं." येतंच तुला. पण सोबतच्या दोघींनी कधी रॉड धरलेला नाही, आणि तिथल्या लेक ऑफ द वुड्स तलावात पाइक तर लागणारच, त्याचा मोठा भाऊबंद मस्कीही लागू शकतो; दोघेही दातेरी. तेव्हा एकदाच सांगतो, लांबण लावणार नाही.

लाल मुठीचा बोल्ट कटर बॉक्समध्ये ठेवू नकोस. बोटीत बसल्याबरोबर बाहेर काढ आणि न उठता हात पोचेल असा ठेव. त्या दोघींनाही दाखव. धक्क्यावरच प्रत्येकीला एकेक जुना गळ कापायला लाव, म्हणजे किती जोर लागतो ते हाताला कळेल. तुझाच हात अडकला तर कापायचं त्यांनाच आहे.

दातांची भीती सगळ्यांना वाटते, पण हात फाटतो तो बहुतेक वेळा गळाने. जर्कबेटला, म्हणजे झटके देत ओढायच्या नकली आमिषाला, दोन-तीन ट्रेबल (तीन टोकांचे गळ) असतात. एक माशाच्या जबड्यात, दुसरा मोकळा लोंबत. तू पक्कड घेऊन वाकतेस, मासा अंगाला पीळ देतो आणि मोकळा ट्रेबल तळहातात घुसतो. मग ल्यूरच्या, म्हणजे त्या नकली आमिषाच्या, एका टोकाला तडफडणारा मासा आणि दुसऱ्या टोकाला तू. त्या क्षणी ओढाओढ करायची नाही. आधी हातातल्या गळाचा दांडा कापायचा, हात ल्यूरपासून सुटा करायचा, माशाचं मग बघायचं. गळ काही डॉलरना मिळतो.

बॉक्समधलं बरंच मी काढून घेतलंय, रागावू नकोस. दोघींसाठी फक्त फिरत्या पात्याचे स्पिनरबेट ठेवलेत, अर्ध्या आणि पाऊण औंसाचे. त्याला एकच गळ, तोही वर तोंड केलेला. त्यामुळे पाणगवतात अडकत नाही आणि सोडवताना मोकळा ट्रेबल हातावर येत नाही. जुलैत उंच पानांच्या गवताची खोल पाण्याकडची कड धरा. गवताच्या मधोमध टाकत बसलात तर छोटे पाइक मिळतील. मोठ्यांना गार पाणी लागतं, ते कडेच्या खाली खोलात असतात. तिथे एक औंसाचा लाल-पांढरा चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचा धातूचा ल्यूर, मोजून बुडू द्यायचा, मग संथ ओढायचा, मधेच थांबवून फडफडत खाली सोडायचा. बऱ्याचदा मासा त्या पडण्यावरच घेतो. चमचा गोल गोल फिरायला लागला तर फार जोरात ओढतेयस. तो डोलला पाहिजे. पाणी हिरवट-गढूळ असेल तिथे तांब्याचं पातं, नारिंगी, काळा. तलावाच्या व्हाइटफिश बे भागाकडे गेलात तर पाणी नितळ आहे, तिथे चंदेरी आणि माशासारखे साधे रंग. जर्कबेट एकच ठेवलाय. तो फक्त तू वापर.

लीडरशिवाय, म्हणजे लाइनच्या टोकाला ल्यूरआधी लावायच्या मजबूत तुकड्याशिवाय, एकही कास्ट नको. पाइकच्या खालच्या जबड्यातले उभे दात धरून ठेवतात, टाळूवरचे बारीक दात आत वळलेले असतात; साधी लाइन त्यांच्यात घासली की गेली, आणि तोंडात ल्यूर अडकलेला मासा हाल सोसत फिरतो. पाइकसाठी ३० पौंडांचा ताण सोसणारी, फूटभर लांबीची वायर पुरते. मस्कीच्या मागे लागणार असशील तर १०० पौंडाचा जाड फ्लुओरोकार्बनचा दोरा लाव, दीड फुटाचा. तुझे आजोबा मालवणात सुरमईच्या गळाला तार लावायचे ते याच कारणासाठी. फोन केलास की ते अजून विचारतात, "मनू तार लावते ना?" वायरला पीळ किंवा मुरड पडली की ती बदलायची, सरळ करून वापरायची नाही. प्रत्येक माशानंतर वरच्या एक-दोन फूट लाइनवरून बोट फिरव, खरखरीत लागली तर तेवढी कापून पुन्हा बांध.

मस्की बोटीपर्यंत ल्यूरच्या मागे येतो. ल्यूर बाहेर काढू नकोस. दीड फूट लाइन शिल्लक ठेवून रॉडचं टोक पाण्यात घाल आणि मोठा, रुंद इंग्रजी आठ (8) काढ. वळणं जितकी रुंद तितकं बरं. हे मी सांगायला नको, नऊ वर्षांची असताना तू रिकाम्या रॉडने दिवाणखान्यात आठ काढायचीस आणि आई ओरडायची. पाइकच्या अंगावर फिकट ठिपके, मस्कीच्या अंगावर गडद पट्टे, हे तूच शेजारच्या काकांना समजावलं होतंस. जबड्याखालची छिद्रं मोजून. पाइकला एका बाजूला सहसा पाच, मस्कीला सहा ते नऊ. ते थक्क झाले होते, आणि मी... असो.

मासा जाळ्यात आला की जाळं पाण्यातच राहू दे. बोटीत घ्यायची घाई नको. रबर चढवलेलं मोठं जाळं दिलंय. साध्या दोऱ्याच्या जाळ्यात ट्रेबल गुंततात आणि माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. लांब पकडीने, पाण्यातच गळ सोडव. लीडर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच. गळ खोल गेला असेल तर खोदत बसायचं नाही. कटर आत घाल, दिसेल तिथे काप. माशासाठीही तेच बरं.

उचलायचाच असेल तर हात ओले कर. डाव्या हाताची चार बोटं कल्ल्याच्या झाकणाखालून, झाकणाला आतून चिकटून, हनुवटीकडे सरकव; अंगठा बाहेर. लाल कल्ल्यांना बोट लागता कामा नये, तिथल्या कंगोऱ्यांनीही कातडी सोलते. उजवा हात पोटाखाली, मासा आडवा. उभा लोंबकळत धरलेला मोठा मासा आतून दुखावतो. डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून धरलेले जुने फोटो बघून तसं काही करू नका. तू स्वतः श्वास रोखू शकतेस तेवढाच वेळ त्याला बाहेर ठेव. सोडताना शेपटीच्या बुडाशी धरून सरळ ठेव, पुढे-मागे घुसळू नकोस, तो स्वतः निसटेल. पाणी २६ अंशांच्या वर गेलं तर मस्कीचा नाद सोडा, सोडलेला मासाही नंतर मरतो.

आणि सैल विणीचा मोजा हातात घालू नकोस, गळ त्याच्यात अडकतो आणि हात मागोमाग ओढला जातो. सगळ्या गळांचे उलटे काटे मी पकडीने सपाट केलेत. इथे मॅनिटोबात तो नियमच आहे. तिकडे ऑन्टारिओत जाणार म्हणूनही एकही काटा उभा ठेवलेला नाही. त्यामुळे रुतला तरी आलेल्या वाटेने निघेल. पण सांध्यात, डोळ्याजवळ किंवा खोल गेला तर स्वतः काढायचा नाही. कापून सुटा करा, हलणार नाही असा बांधा आणि सरळ केनोराच्या हॉस्पिटलात. दाताने कापलं तर रक्त भरपूर येतं. स्वच्छ पाण्याने धुवा, दाबून धरा. दुसऱ्या दिवशी लाल, गरम, सुजलेलं दिसलं तर वाट बघू नका. तुझं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते आईच्या फाइलीत बघतो. पाच वर्षांपेक्षा जुनं असेल आणि जखम झाली तर तिथे सांगायचं.

वाढवणार नाही म्हणालो होतो. माफ कर. तू माझ्यापेक्षा चांगलं कास्ट करतेस, हे आईला कधीच सांगून झालंय. काळजी माशाची नाही ग. तिघी पाण्यावर, आणि मी इथे दोन-अडीच तासांवर.

ऑन्टारिओत तू बाहेरची धरली जातेस, तेव्हा तिथलं लायसन्स काढ आणि तलावाचे मापांचे नियम आजच वाच. रेंज मिळाली की शनिवारी फोन कर, आईच्या फोनवर, माझ्या नको.

तुझा,
बाबा

ता. क. निळ्या झाकणाच्या डब्यात सुधाकाकूची थालीपिठं आहेत. उद्याच संपवा, उकाड्यात टिकणार नाहीत.