तुमच्या नकारांबद्दल आभार

प्रिय दादा आणि वहिनी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र असं जाहीर लिहितेय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की दादा ‘चहा घेतेस?’ म्हणून विषय बदलतात आणि वहिनींना नेमकं तेव्हाच कुणाचं तरी बिल करायचं असतं. इथे मला मध्येच कोणी तोडणार नाही.

गोव्यात डिचोलीच्या बाजारात तुमची गॅलरी कुठे म्हणून विचारलं तर लोक ‘ते फ्रेमवाले ना?’ म्हणतात. पुढे भेटवस्तू, आत भिंतीवर चित्रं आणि अगदी मागे, जिथे गिऱ्हाईक सहसा जात नाही तिथे, फ्रेमचं टेबल. घरच्या गणपतीचं जुनं चित्र दुरुस्त करून घ्यायला मी आले ती त्या टेबलापाशी.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे चवथीला मातीची मूर्ती येत नाही. आमचा गणपती कागदाचा, म्हणजे कागदावर रंगवलेला, चौकटीतला. माटोळीखाली, म्हणजे फळाफुलांनी सजवून वर टांगलेल्या मांडवीखाली, तोच बसतो. दीड दिवसाने उत्तरपूजा झाली की पाण्यात पत्री सोडतात, चित्र परत देवघरात जातं. गोव्यात अशी घरं अजून आहेत आणि कारण बहुतेक ठिकाणी एकच सांगतात. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय, आलं, ते १८१२ पर्यंत राहिलं. घरात मूर्ती सापडली तर धडगत नव्हती. कागद मात्र गुंडाळून कुठेही दडवता येतो. आमचे मूळपुरुष त्या धामधुमीत पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बार्देशातून इकडे डिचोलीत आले असं घरात सांगतात. सप्तकोटेश्वर देवही असाच दिवाडी बेटावरून डिचोलीजवळच्या नार्व्याला आला, पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ नव्याने बांधवलं. डिचोली तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हती, ती त्यांच्या हाती गेली अठराव्या शतकाच्या अखेरीस.

तर गेल्या पावसात त्या चित्रावर सोंडेपाशी काळे ठिपके दिसायला लागले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि घर चिऱ्याचं. आमची उत्तरेकडची भिंत दसऱ्यापर्यंत वाळत नाही. सल्ले चहूबाजूंनी आले. काका म्हणाले लॅमिनेट करा. एका दुकानदाराने फोटो काढून ‘कॉम्प्युटरवर साफ करून नवाकोरा छापून देतो’ म्हणून भावसुद्धा सांगितला. बाबा कोणालाच होकार देईनात.

तुमच्याकडे आणलं तर तुम्ही पहिल्याच दिवशी परत पाठवलंत. ‘पावसात उघडायचं नाही. दिवाळी होऊ दे, हवा कोरडी झाली की आणा. तोवर भिंतीवरून काढा, कपाटात कोंडू नका, वारा लागेल असं आडवं ठेवा.’ घरी चालत आलेलं काम कोणता दुकानदार चार महिने पुढे ढकलतो?

थंडीत पुन्हा आणलं तेव्हाचं मला सगळं स्पष्ट आठवतंय. टेबलावरचे चहाचे कप, हातोडी, खिळ्यांचा डबा सगळं दादांनी हलवलं, धुतलेलं पांढरं कापड अंथरलं, चपला बाहेर काढल्या. आपल्याला कोणी बघतंय का याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. बाबांनी तिथेच उभ्याने देवाला गाऱ्हाणं घातलं आणि मग वहिनींनी मागचे खिळे उपसायला घेतले. मागे प्लायवूड, त्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी, आणि प्लायवूडच्या शिरांचा तपकिरी डाग जसाच्या तसा कागदावर उतरलेला. ज्याने कोणी पूर्वी ही चौकट केली त्याने काच थेट चित्रावर दाबून बसवली होती. पीतांबराच्या काठाशी कागद काचेला चिकटला होता.

वहिनींनी तो ओढला नाही. एक पातळ चपटी पट्टी घेऊन त्या एवढ्याशा जागेशी दुपार काढली. मध्येच हात थांबवायच्या, पंखा बंद करायला सांगायच्या, पुन्हा सुरू. शेवटी सुटला. नखाएवढा हिरवा रंग काचेवर राहिला. ती काच त्यांनी फेकली नाही, रंगासकट कागदात गुंडाळून बाबांच्या हातात दिली. ‘हेही तुमचंच.’ बुरशी मग मागच्या पडवीत उन्हाच्या आडोशाला, मऊ ब्रशने, श्वास धरल्यासारखी झाडली. फाटलेल्या कडांना गव्हाची खळ आणि पातळ जपानी कागद. खळच का, तर उद्या कोणाला याहून चांगलं करता आलं तर पाण्याच्या बोटाने ती सुटते. चिकटपट्टीचा डाग मात्र जन्माचा.

मग आली अवघड गोष्ट. आमच्या घरात हे चित्र ‘चारशे वर्षांचं’ आहे. पै-पाहुण्यांना आम्ही तसंच सांगत आलो. वहिनींनी कागद उजेडात धरला आणि सरळ सांगितलं, हा यंत्रावरचा, लाकडाच्या लगद्याचा कागद आहे, म्हणून तर तो असा तांबूस आणि ठिसूळ झालाय. असला कागद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. ‘प्रथा चारशे वर्षांची असेल, आधीची चित्रं झिजून नवी केली असतील. पण हा कागद तेवढा जुना नाही.’ बाबांना ते लागलं. घरी येऊन बरेच दिवस फुरंगटून होते. गप्प राहणं तुम्हाला सोपं होतं आणि फायद्याचंही.

बाबांचा रुसवा काढला तो चित्राच्या पाठीने. प्लायवूड निघाल्यावर तिथे शाईतली मोडी ओळ दिसली. नार्व्याच्या एका निवृत्त मास्तरांनी वाचून दिली: शके १८२९, चित्र उजळिले, आणि खाली आमच्या पणजोबांचं नाव. म्हणजे १९०७च्या सुमाराला आमच्याच माणसाने रंग भरले होते. ओळ झाकली जाऊ नये म्हणून दादांनी मागच्या पुठ्ठ्याला खिडकी कापून पारदर्शक पत्रा लावला.

काकांनी लगेच मुद्दा पकडला. पणजोबांनी उजळलं तर आता वहिनींनी उजळायला काय हरकत? सोंड फिकी झालीय, मूषकाचा एक कान गेलाय. वहिनी म्हणाल्या, ‘मी नाही करणार. ते तुमच्या घरच्याने केलं होतं. आताही घरचं कोणी करणार असेल तर रंग मी देते, शिकवतेही.’ काका बघतच राहिले. मला अजूनही वाटतं, देवघर आणि गॅलरी यांत फरक काय, याचं याहून नेमकं उत्तर कोणी दिलेलं नाही.

तेव्हापासून येता-जाता तुमच्याकडे डोकावते आणि लक्षात येतं की नाही म्हणणं हा तुमचा रोजचा उद्योग आहे. पर्यटक पितळी समई उचलून ‘गोवन?’ विचारतो, दादा म्हणतात, ही मुरादाबादची, ती पलीकडची इथल्या कारागिराची, म्हणून महाग. निळी-पांढरी टाइल कोणी ‘हँडपेंटेड’ समजून घेऊ लागला की भिंग पुढे करतात: ठिपके दिसले तर छापील, कुंचल्याचा कमी-जास्त दाब दिसला तर हाताची. कोणी ‘असली’ घोरपडीच्या कातड्याचं घुमट, म्हणजे आमचं मातीचं तालवाद्य, मागितलं तर तोंडावर सांगतात की १९७२च्या वन्यजीव कायद्यापुढे ते चालत नाही, बकरीच्या कातड्याचं हवं तर घ्या. त्याच घुमटाला २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य केलंय, हे सांगताना मात्र स्वतःच वाजवून दाखवतात. (वाजवतात बेताचंच. वहिनींची क्षमा मागून.) आणि आतल्या कपाटातले ‘दीपावली’चे जुने अंक! चित्रकार दीनानाथ दलाल मूळचे आपल्या गोव्याचे. ‘दीपावली’ हे नियतकालिक त्यांनी १९४५ मध्ये सुरू केलं. हॉटेल सजवणाऱ्या एका बाईंना त्यांची मुखपृष्ठं फाडून ओळीने फ्रेम करून हवी होती, पैसेही चांगले देत होत्या. ‘अंक वाचायला बसा, फाडून मिळणार नाही.’ ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

हे परवडतं कसं, ते मला कळत नाही. तुमच्या बिलावरून तर मुळीच कळलं नाही. आम्लविरहित पुठ्ठा, काच, नवी सागवानी चौकट यांचे पैसे होते. वहिनींच्या दुपारींचा आकडा कुठेच नव्हता. विचारलं तर ‘ती देवाची सेवा’ असं काही म्हणाल्या नाहीत, म्हणाल्या, ‘ते अजून मलाच लावता येत नाही.’ कृपा करून लावायला शिका. माझ्यासारखे आणखी येतील, आणि तुमचं दुकान चालायला हवं.

चित्र आता दक्षिणेच्या भिंतीवर आहे. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावलेत, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, वारा खेळायला. या पावसात अजून तरी एकही ठिपका नाही, रोज सकाळी बाबा चष्मा लावून बघतात. चारशे वर्षांचं म्हणणं त्यांनी सोडलंय. आता पाहुण्यांना मोडी ओळ दाखवतात, चौकट उलटी करून, जे तुम्हाला आवडणार नाही.

चवथीला दोघांनी यायचं. दुपारी आरती झाली की पान वाढतो. खतखतं आईच्या हातचं असेल, नेवऱ्या काकींच्या. दुकान बंद ठेवता येत नाही ही सबब चालणार नाही, त्या दिवशी बाजारात तुमच्याकडे येणार कोण?

आणि वहिनी, काकांची धाकटी नात मूषकाचा कान काढायला तयार झालीय. नववीत आहे, हात बरा आहे. आधी साध्या कागदावर सराव करून घ्या म्हणते. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा पाठवू का? रंगाचे आणि शिकवणीचे पैसे आधी सांगा, या वेळी खरे सांगा.

तुमची,
कागदाच्या गणपतीवाल्या घरातली थोरली