गाऱ्हाण्यात आमचं नाव घेतलंत, गुरवकाका

गुरवकाकांना इंदूरहून शिरसाष्टांग नमस्कार.

मूळ गाव शोधत आम्ही कोकणात आलो, तेव्हा देवळात गाऱ्हाणं, म्हणजे आमच्यासाठी देवाला साकडं, घालताना नारळावर हात ठेवून तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "बा देवा महाराजा, तुझी लेकरं घराकडं आलीत, त्यांची राखण कर." मागून सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!" 'पाव्हणे' म्हणाला नाहीत, लेकरं म्हणालात. नाव चुकू नये म्हणून आधी दोनदा विचारून घेतलं होतंत. इंदूरला परतलो तरी तो आवाज अजून कानात आहे.

होळकरांच्या चाकरीला अठराव्या शतकात माळव्यात आलेल्या घराण्यांना कोकणात परकं वाटतं, त्याला कारणं आहेत. आम्ही 'येऊन राहिलो' म्हटलं की समोरचा हिंदीत सुरू होतो. त्याच सकाळी एका कचेरीत तेच झालं. मान वर न करता हिंदीत उत्तर मिळालं, "सर्व्हे नंबर लाओ." मराठीत विचारलेल्याला मराठीत उत्तर द्यायला काय खर्च येतो?

खरी अडचण जमिनीची. 1 एप्रिल 1957 ला कूळकायद्यानं कसणारी कुळं मालक ठरली, परगावी राहणाऱ्यांच्या जमिनी त्यांच्या नावावर झाल्या. कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याला, हे योग्यच झालं. पण तेव्हापासून बाहेरचा माणूस जुने कागद घेऊन सातबारा विचारू लागला की गाव सावध होतं. तुम्ही मात्र आधी कुलदैवत विचारलंत आणि ओसरीवर पाणी दिलंत. माणुसकी म्हणतात ती हीच.

आता इंदूरहून निघणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगतो: तलाठ्याकडे नंतर, आधी देवळात जा. ओटीला खण, नारळ, तांदूळ, सुपारी घ्या. जमीन नको, दर्शन हवंय, हे पहिल्याच वाक्यात सांगा. गावाबरोबर तालुकाही पक्का करून घ्या, एकाच नावाची गावं कोकणात बरीच आहेत, आणि आडनावावरून गाव शोधणारे हमखास तिथेच चुकतात. घरच्या मोडी कागदावर शालिवाहन शक असेल तर इसवी सन काढायला 78 मिळवा, महिना माघ-फाल्गुन असेल तर 79. शके 1716 च्या माघातला कागद 1795 चा, अहिल्याबाईंच्या शेवटच्या वर्षातला. तो 1794 चा धरला की पुढची सगळी वंशावळ एका वर्षानं सरकते.

शिमग्याला पालखी घरोघर फिरते. आमचं घर उरलेलं नाही, करवंदीत बुडालेलं नुसतं जोतं आहे. "जोत्यावर थांबवू की," म्हणालात.

काका, जोतं साफ करायला दोन दिवस आधीच येतो.